शेतातले घर : हक्क आहे, कागद नाही

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून भाव, वीज, पीकविमा यांवर भाषणे झाली. मला दिलेला विषय जरा आडवाटेचा आहे. म्हणून आधी तुम्हांलाच विचारतो. आज मेळावा संपल्यावर गावात न जाता थेट रानातल्या वस्तीवर मुक्कामाला जाणारे किती आहेत? हात वर करा. निम्म्याहून जास्त हात दिसतात. आता ज्यांच्याकडे त्या घराचा कागद आहे, त्यांनीच हात वर ठेवा. चार राहिले. त्यातले दोघे माझ्या ओळखीचे आहेत आणि त्यांचा कागद म्हणजे घरपट्टीची पावती. पावती म्हणजे कर भरल्याचा पुरावा, घर तुमचे असल्याचा नव्हे.

आमच्या घरची गोष्ट सांगतो, म्हणजे प्रश्न कळेल. आमची साडेतीन एकर जमीन गावापासून तीन किलोमीटरवर. वडिलांनी विहीर पाडली, बागायत झाली, दोन म्हशी आल्या. पहाटे धारेला जायचे, सकाळी दूध गावात आणायचे, पुन्हा रानात, रात्री मोटार सुरू करायला तिसऱ्यांदा. शेवटी वडील म्हणाले, "आता आपणच रानात जाऊ, म्हशी काही गावात यायच्या नाहीत." मुरमाड तुकड्यावर दगडमातीच्या दोन खोल्या घातल्या, वर पत्रा. मी त्याच पत्र्याखाली अभ्यास करून कृषी पदवीधर झालो.

पुढे पक्के घर बांधायची वेळ आली. बँकेत गेलो. साहेब म्हणाले, "एनए आणा." तालुक्याच्या कचेरीत गेलो. तिथले कारकून चांगले गृहस्थ होते, त्यांनी पुस्तक काढून दाखवले, "शेतकऱ्याने आपल्या शेतात राहण्यासाठी बांधलेल्या शेतघराला तुमच्या भागात परवानगी लागत नाही." मी म्हणालो, "मग तसे लिहून द्या." ते म्हणाले, "जी परवानगी लागतच नाही, ती लागत नाही असे मी कोणत्या नियमाने लिहून देऊ?" पुन्हा बँकेत. साहेब म्हणाले, "तोंडी चालत नाही." ग्रामपंचायतीत गेलो. तिथे उत्तर मिळाले की बांधकाम परवानगीचा ग्रामपंचायतीचा अधिकार गावठाणाच्या हद्दीपुरता, तुमचे घर गावठाणाबाहेर. तीन दारे फिरलो, तिन्ही ठिकाणचा माणूस आपापल्या जागी खरे बोलत होता. घर बांधले ते पतसंस्थेचे महागडे कर्ज काढून आणि एक म्हैस विकून. मी शिकलेला, कायदा वाचू शकणारा. जो वाचू शकत नाही तो कोणाच्या तरी खिशात काहीतरी घालून मोकळा होतो, आणि ज्या गोष्टीसाठी पैसे दिले ती त्याला फुकट मिळायची होती हे त्याला जन्मभर कळत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते नीट ऐका, कारण गावात त्याबद्दल चुकीचे बरेच सांगितले जाते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची. तिच्या कलम २ (९) मध्ये शेतघराची व्याख्या आहे. अवजारे, खत, वैरण ठेवायची जागा, पीक साठवायची जागा, जनावरांचा निवारा, आणि खातेदाराच्या कुटुंबातली माणसे, नोकर किंवा कुळे यांच्या राहण्याची जागा. राहणे हा शब्द कायद्यातच आहे. कलम ४१ म्हणते की शेतीसाठी जमीन धारण करणाऱ्याला तिच्यावर शेतघर बांधण्याचा, विहीर-तळे करण्याचा आणि शेती सुधारण्यासाठी लागेल ते करण्याचा हक्क आहे. म्हणजे विहिरीला जो हक्क, तोच घराला. हे शेतीचेच काम आहे, अकृषिक वापर नव्हे. ज्या अर्थी अकृषिक नाही, त्या अर्थी एनएचा प्रश्नच नाही.

पण त्याच कलमाच्या पोटात अपवाद आहे. महानगरपालिका, नगरपालिका, त्यांच्या भोवतीचा ठरवून दिलेला पट्टा आणि प्रादेशिक योजनेत आलेले क्षेत्र येथे शेतघरालासुद्धा आधी जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि धारणा ०.४ हेक्टरपेक्षा कमी असेल तर परवानगी द्यायची नाही असे लिहिले आहे. ०.४ हेक्टर म्हणजे ४० गुंठे, आपला एक एकर.  १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातली सरासरी धारणा ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टर झाली. ही सरासरी आहे. तीन भावांत वाटणी झालेल्या घरात एक एकर कुठे राहिला? तिकडे सरकारनेच २०२३ साली तुकडेबंदीचे प्रमाणभूत क्षेत्र बागायताला १० गुंठे आणि जिरायताला २० गुंठे असे आणले. म्हणजे १० गुंठे बागायत ही विकायला-घ्यायला शेती आहे, पण शहराच्या आसपास तिच्यात झोपायला ती शेती पुरत नाही. एका हाताने ओळखायचे, दुसऱ्या हाताने नाकारायचे, अशी ही तऱ्हा.

गावठाण म्हणजे काय, याचाही विचार केला पाहिजे. आपले जुने लोक गावाचे दोन भाग सांगत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. ही विभागणी कोणा नगररचनाकाराने केलेली नव्हती, मातीने केली होती. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यातली चिकणमातीच तशी आहे. कॉलेजात आम्हांला तिचे मॉन्टमोरिलोनाइट असे लांबलचक नाव शिकवले. माझ्या आजीला ते नाव माहीत नव्हते, पण काळ्या रानात भिंत उभी केली की दोन पावसाळ्यांत तडकते हे माहीत होते. म्हणून कसणारा शेतकरी घर कुठे बांधतो? मुरमाड टेकाडावर, चुनखडीच्या पट्ट्यात, बांधाच्या कडेला, सातबारावर पोटखराबा म्हणून लिहिलेल्या तुकड्यात. चांगल्या मातीची राखण कायद्याआधी त्याच्या स्वार्थानेच केलेली आहे.

सगळे गाव एके ठिकाणी का राहिले, त्यालाही कारणे होती. पेंढाऱ्यांची भीती, पाण्याची एकच जागा, बलुतेदारांची सोय. आणि गावकुसाबाहेर कोणाला ठेवायचे तेही त्यात ठरलेले होते, हे विसरून गावठाणाचे गोडवे गाऊ नयेत. मोटारपंप आले, विहिरी झाल्या, ऊस-द्राक्षे-दूध आले आणि माणूस रानात गेला. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात जा, सांगली-कोल्हापूरकडे मळे बघा. कोकणात तर घर वाडीतच असते. सरकारलाही हे ठाऊक आहे. मतदार याद्यांत वस्त्या आहेत. पोरांना शिकवायला वस्तीशाळा काढल्या होत्या. घरपट्टी वस्तीवर येऊन वसूल होते. फक्त घर ओळखायची वेळ आली की नकाशावर आपण नाही.

दोन उदाहरणे देतो. भारनियमनाच्या काळात गावठाणाचा फीडर आणि शेतीचा फीडर वेगळे केले. गावाला अखंड वीज मिळावी हा हेतू चांगला, गावाला त्याचा फायदाही झाला. पण वस्तीवरचे घर शेतीच्या तारेवर राहिले. शेतीला थ्री फेज वीज आठ तास, एक आठवडा दिवसा, दुसरा रात्री. जेथे सौर वाहिनीचे प्रकल्प सुरू झाले तेथे ती दिवसा येऊ लागली आहे, ते खरे. पण ती वेळ संपली की घर अंधारात, अशा वस्त्या अजून आहेत. जुन्नर-शिरूरकडच्या लोकांना विचारा, बिबट्या उसात असताना अंधाऱ्या वस्तीवर पोरे घेऊन झोपणे काय असते. दुसरे उदाहरण, २०२० साली स्वामित्व योजना आली. ड्रोनने मोजणी, घरमालकाला मिळकत पत्रिका. कामाची योजना आहे. पण मोजणी गावठाणाची. ड्रोन वस्तीवर येतच नाही. गावात राहणाऱ्या सख्ख्या भावाच्या हातात पत्रिका आणि रानात राहणाऱ्याच्या हातात पुन्हा तीच पावती.

मग कोणी म्हणेल, सरकारने नियम सैल केले की! केले. २०१४ पासून संहितेत कलम ४२ च्या मागे अ, ब, क, ड अशी कलमे एकामागून एक जोडली गेली. मंजूर विकास योजनेतली जमीन, प्रादेशिक योजनेत निवासी दाखवलेली जमीन, गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन यांना कर भरला की अकृषिक मानायचे. या सैलपणाचा फायदा कोणाला होतो ते बघा. गावाला लागून, रस्त्याला लागून ज्याला प्लॉट पाडायचे आहेत त्याला. माझ्या वडिलांची वस्ती २०० मीटरवर नाही, ३००० मीटरवर आहे. त्यांना प्लॉट पाडायचे नाहीत, म्हशीजवळ झोपायचे आहे. जो शेती सोडतो त्याच्यासाठी वाट रुंद झाली आणि जो शेती करतो तो अजून कारकुनापुढे उभा.

आता दुसरी बाजू. ती मी नाही मांडली तर कृषी पदवी घेतली कशाला, असे माझे गुरुजी विचारतील.

मोकळ्या शिवारात घरांवर बंधन असू नये, ज्याची जमीन त्याची मर्जी, असे आपल्यातले बरेच जण म्हणतात. मी तसे म्हणत नाही. रस्त्याकडेच्या गुंठेवारीत काय होते ते मी पाहिले आहे आणि तुम्हीही पाहिले आहे. प्लॉट पाडणारा मुरूम-काळी बघत नाही, रस्ता बघतो. चांगल्या काळ्या रानात मुरूम आणि खडी ओतली जाते. ती माती पुन्हा मिळत नाही, एक इंच माती व्हायला काही शे वर्षे लागतात. पाण्याची वाट बुजते आणि खालच्या शेतात तळे साचते. शोषखड्डा शेजारच्या विहिरीच्या पाझरात जातो. एवढ्यावर थांबत नाही. शहरातून नवीन आलेला माणूस दोन वर्षांनी अर्ज करतो की शेणाचा वास येतो, फवारणीचा त्रास होतो, रात्री मोटारीचा आवाज होतो. शेत आधी होते आणि तो नंतर आला, पण खुलासा द्यायला शेतकरी कचेरीत. आणि हे प्लॉट विकले कोणी? आपणच. कर्ज होते, लग्न होते, भाव नव्हता, सगळे खरे. तरी सही आपली आहे.

इंग्लंडची गोष्ट या ठिकाणी कामाची आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तिथे शहराबाहेर पडणाऱ्या प्रत्येक रस्त्याला दोन्हीकडून घरांची झालर लागत गेली. १९३५ साली त्यांनी त्याविरुद्ध वेगळा कायदा केला आणि १९४७ च्या नगररचना कायद्याने बांधकामाचा हक्कच सरकारच्या परवानगीखाली आणला. तेव्हापासून तिथल्या मोकळ्या शिवारात नवे घर बांधणे फार अवघड. पण शेतीसाठी माणूस तिथेच राहण्याची गरज आहे असे दाखवले तर परवानगी मिळते, आणि तिच्यावर अट असते की त्या घरात शेतीचे काम करणारा किंवा त्या कामातून निवृत्त झालेला माणूस आणि त्याचे कुटुंब यांनीच राहायचे. त्यांची शिवारे हिरवी राहिली. पण त्याची किंमतही मोजावी लागली. खेड्यातली घरे इतकी महाग झाली की तिथल्याच शेतमजुराच्या पोराला ती परवडेनाशी झाली आणि शहरातल्या श्रीमंताने ती सुट्टीसाठी घेतली. आपल्याला त्यांची नक्कल नको. पण शेतीसाठीचे घर आणि शिवारातला बंगला यांत कायदा फरक करू शकतो, एवढे त्यावरून दिसते.

त्याहून जवळचा दाखला केरळचा आहे. तिथे २००८ साली भातखाचरे वाचवण्याचा कायदा झाला. भातशेती बुजवायला मनाई, कायदा कडक. पण ज्या शेतकऱ्याला घर बांधायला दुसरी योग्य जागा नाही त्याला ग्रामपंचायत क्षेत्रात १० सेंटपर्यंत आणि शहरी भागात ५ सेंटपर्यंत स्वतःच्या घरासाठी मुभा मागता येते. १० सेंट म्हणजे आपले ४ गुंठे. अर्ज गावपातळीच्या समितीकडे जातो. तिचा अध्यक्ष पंचायतीचा प्रमुख आणि निमंत्रक कृषी अधिकारी, सोबत त्याच गावचे शेतकरी. शेजारच्या खाचराला त्रास होतो का, पाणी अडते का, हे तिथे बघायचे असते. त्या कायद्यातून पळवाटा निघाल्या, भांडणे झाली, कोर्टकज्जे झाले. मी त्याला रामराज्य म्हणत नाही. पण माती वाचवायची आणि शेतकऱ्याला घरही द्यायचे, ही दोन वाक्ये एका कायद्यात बसू शकतात, हे त्यांनी करून दाखवले.

आता आपल्याला काय मागायचे ते सांगतो. शेतघराला परवानगी नको, नोंद हवी. शेतकऱ्याने तलाठ्याला आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवावे की अमुक गटात मी शेतघर बांधले आहे किंवा बांधणार आहे. ठरलेल्या मुदतीत त्याची नोंद सातबारावर आणि नमुना ८ वर झालीच पाहिजे. झाली नाही तर ती झाली असे मानावे. याच संहितेच्या कलम ४४ मध्ये अकृषिक परवानगीला ९० दिवसांत उत्तर नाही आले तर परवानगी मिळाली असे धरायची तरतूद घातलेली होती. प्लॉटवाल्याला जी सवलत सुचली ती म्हशीवाल्याला का सुचू नये? या नोंदीवर बँकेने कर्ज द्यावे, वीज मंडळींनी घरगुती जोडणी द्यावी, स्वामित्वच्या मोजणीत वस्ती धरावी. कसणाऱ्या कुटुंबाच्या पहिल्या घराला ४० गुंठ्यांची अट लावू नये, मग ते शहराच्या पट्ट्यात का असेना.

जागेचा हिशेब करा. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. घर, ओसरी, गोठा, कडब्याची गंजी हे सगळे दोन गुंठ्यांत बसते. पाच एकरवाल्याच्या २०० गुंठ्यांतले दोन, शंभरात एक. १० गुंठेवाल्याला मात्र पाचवा हिस्सा जातो. त्याच्यासाठी घराचा आकार कमी ठरवा, पण त्याला दार बंद करू नका. कमी जमीन असलेलाच जनावरांवर जगतो, त्यालाच रानात राहण्याची गरज जास्त. भूमिहीनांचा प्रश्न याने सुटत नाही. त्यांच्यासाठी गावठाणविस्तार वेळेवर झाला पाहिजे, तो वेगळा लढा आहे आणि त्यात आपण त्यांच्या बाजूने उभे राहिले पाहिजे.

आणि शेवटची अट तुम्हांला आवडणार नाही. अशा नोंदीचे घर जमिनीपासून तोडून विकता येणार नाही, ही अट आपणच मागायची. जमीन विकायची तर घरासह विका, ज्याला विकायची त्याला विका. पण घराचे दोन गुंठे वेगळे काढून सुट्टीच्या बंगल्याला द्यायचे नाहीत.

कार्यकर्त्यांच्या बैठकीत यावर माझे जोरात भांडण झाले. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "आयुष्यभर आपण जमिनीवरच्या बेड्या तोडा म्हणालो, आणि आता तुम्ही नवी बेडी घेऊन आलात?" त्यांचा राग मला समजतो. शेतकऱ्याच्या मालमत्तेवर सिलिंगपासून तुकडेबंदीपर्यंत जेवढी बंधने आहेत तेवढी कारखानदाराच्या मालमत्तेवर नाहीत. पण मी त्यांना विचारले, दादा, आपण नोंद मागायला गेलो की समोरचा अधिकारी पहिला प्रश्न काय विचारणार? तो विचारणार, याआडून फार्म हाउसचे प्लॉट पडणार नाहीत कशावरून? आपल्याकडे त्याला उत्तर हवे. ही अट म्हणजे ते उत्तर. शिवाय हा हक्क आपण शेतकरी म्हणून मागतो आहोत, जमीनमालक म्हणून नाही. त्यांचे समाधान झाले नाही. ठरावावर आज मत घ्यायचे आहे, तेव्हा ते इथे बोलतील, त्यांचेही नीट ऐका.

मत काहीही पडो, एक काम आजपासून सुरू करायचे आहे. आपल्या जिल्ह्यात रानात किती घरे आहेत हे कोणत्याच कचेरीला ठाऊक नाही, आणि ज्याची मोजदाद नाही त्याच्यासाठी नियम बदलत नाही. म्हणून वस्तीवार तक्ता करायचा. गट नंबर, खातेदाराचे नाव, घर कोणत्या साली बांधले, धारणा किती गुंठे, घर मुरमाडावर की काळीत, नमुना ८ वर नोंद आहे का, विजेचा मीटर घरगुती की शेतीचा, बँकेने कर्ज नाकारले असेल तर कोणते कारण दिले. बँकेचे पत्र असेल तर त्याची प्रत जोडा. बायकोचे नाव सातबारावर असेल तर तेही लिहा, नसेल तर का नाही ते घरी जाऊन बोला. ज्यांचे घर अगदी काळ्या रानात आहे त्यांनीही खरे तेच लिहा, लपवू नका. दहा ठिकाणी खरे निघाले तरच अकराव्या ठिकाणी आपल्यावर विश्वास बसेल. येत्या ग्रामसभेत हा तक्ता वाचून ठराव करून घ्या, आणि ठरावाची सही-शिक्क्याची प्रत पुढच्या जिल्हा बैठकीला घेऊन या. नुसता ठराव झाला असे सांगायला येऊ नका.

कोरे तक्ते दारापाशी टेबलावर ठेवले आहेत. वस्तीला एक असे न्या. पेन मात्र ज्याचे त्याने आणायचे.